म्हाताऱ्या जहाजावर सतरा रात्री

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला अर्धा तास दिला आहे आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला आहे. "काका, बँकेवर नको, तुमच्या त्या क्रूझवर बोला," असं आपल्या तरुण सचिवांनी बजावलं आहे. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हिशेबाशिवाय बोलता येत नाही, तेव्हा शेवटी थोडा हिशेब येईलच. पण आधी प्रवास.

2018 च्या मार्च महिन्यात मी आणि सौ. दुबईला जहाजात बसलो आणि सतरा रात्रींनी इटलीत जेनोआला उतरलो. मस्कत, सलाला, एडनचं आखात, लाल समुद्र, जॉर्डनमधलं अकाबा, सुएझ कालवा, ग्रीसमधलं पिरेअस, माल्टा आणि मग जेनोआ, असा मार्ग होता. आमच्या आयुष्यातली ही पहिलीच क्रूझ, आणि तीही एकदम सतरा रात्रींची.

एवढी मोठी सफर पेन्शनरला परवडली कशी, हे आधी सांगतो. क्रूझची पुष्कळ जहाजं हिवाळ्यात आखाती देशांकडे येतात, कारण तेव्हा तिथली हवा चांगली असते. उन्हाळा जवळ आला की ती भूमध्य समुद्रात परत जातात. आपले धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी घाट चढतात, तसंच हे. ही फेरी कंपनीला करावीच लागते. मग रिकामं जहाज नेण्यापेक्षा तिकिटं कमी भावात विकलेली बरी. अशा फेरीत बंदरं थोडी आणि नुसत्या पाण्यावरचे दिवस जास्त. नोकरदारांना तेवढी रजा नसते, त्यामुळे जहाजावर बहुतेक सगळे आमच्याच वयाचे. विमान, व्हिसा, विमा, टिप सगळं धरून आमचे दोघांचे सव्वाचार लाख रुपये झाले. एका एफडीची मुदत संपली होती, तिचं नूतनीकरण केलं नाही, एवढंच.

भाडं कमी असण्याचं दुसरं कारण म्हणजे जहाजाचं वय. आमचं जहाज 1990 च्या बांधणीचं, म्हणजे अठ्ठावीस वर्षांचं होतं. नाव सांगत नाही, कारण त्याच्या काही तक्रारीही मी सांगणार आहे. शिवाय ते त्याचं तिसरं नाव होतं. आधीची दोन नावं रंगाखाली बुजवलेली होती, पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की जुन्या वेल्डिंगची अक्षरं वर यायची. आपल्या गेटावरच्या पाटीखाली बिल्डरचं नाव अजून दिसतं ना, तसंच. मुलाने फोटो पाहिले आणि म्हणाला, "बाबा, या खटाऱ्यातून कशाला? थोडे जास्त घालून नवीन जहाजाने जा ना." त्याला मी म्हटलं, "खटारा आहे की नाही ते आत बसल्यावर कळेल."

आता माझ्या पिढीच्या कोकणी माणसाला 'बोट' म्हटलं की काय आठवतं? मुंबईहून सुटणारी ती कोकणची बोट! हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, फणस, सगळं वर चढायचं. डेकवर घोंगडी पसरायची आणि 'बोट लागली' की कठड्याकडे धावायचं. मराठीत नुसतं 'बोट लागते का?' असं विचारलं तरी अर्थ कळतो, यावरून आपला समुद्राशी संबंध काय प्रतीचा होता ते समजा. सौ.ने म्हणून आलेपाकाच्या वड्या बांधून घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्याही लागल्या नाहीत. मोठ्या जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी माशासारखे पर असतात. लाटांमुळे जहाज डोलायला लागलं की ते पर फिरून त्याला सावरतात. अठ्ठावीस वर्षांचे ते पर आपलं काम नीट करत होते.

दुबईच्या पोर्ट रशीदमध्ये आम्ही चढलो. जवळच एक लांबलचक जहाज उभं होतं, काळ्या रंगाचं, वर पांढरं आणि मधोमध लाल धुराडं. ती 'क्वीन एलिझाबेथ टू'. 1967 मध्ये स्कॉटलंडमध्ये तिचं जलावतरण झालं, 1969 मध्ये ती पहिल्या सफरीला निघाली, 1982 च्या फॉकलंड युद्धात तिने सैनिक वाहून नेले आणि 2008 मध्ये ती निवृत्त होऊन दुबईला आली. आम्ही पाहिली तेव्हा तिथे हॉटेलची तयारी चालू होती. पुढच्याच महिन्यात ते उघडलं. तिची एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल. मुळात ती वाफेच्या टर्बाइनवर चालायची. अठरा वर्षांची झाली तेव्हा यंत्रं कटकट करायला लागली होती. मालकांनी 1986-87 मध्ये तिला जर्मनीतल्या गोदीत नेलं, वाफेची सगळी यंत्रणा काढली आणि नऊ डिझेल इंजिनं बसवली. त्यानंतर ती आणखी एकवीस वर्षं चालली.

आमचं जहाज हिच्यापुढे लहान, 46,000 टनांचं. प्रवासी जहाजाचा हा टन म्हणजे वजन नव्हे, आतली बंदिस्त जागा मोजण्याचं ते माप असतं. प्रवासी साधारण बाराशे, नोकरवर्ग पाचशेच्या वर. आमची खोली खालच्या मजल्यावर, मधोमध, गोल खिडकीची. नव्या जहाजांना बाल्कन्या असतात, इथे त्या फारच थोड्या. पण त्याबदल्यात जहाजाच्या चारी बाजूंनी फिरायला सागवानी फळ्यांचा रुंद डेक होता. नव्या पुष्कळ जहाजांवर खोल्या वाढवण्याच्या नादात असा पूर्ण फेरा राहत नाही. आम्ही रोज सकाळी सात फेऱ्या मारायचो. बाथरूमचा उंबरा घोट्याच्या वर येईल एवढा उंच, एसी खोकल्यासारखा आवाज करायचा आणि रात्री भिंतींच्या फळ्या करकरायच्या. पहिल्या रात्री सौ. म्हणाल्या, "वाड्यात झोपल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या रात्री झोप लागली.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना कवायतीला बोलावलं. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब आवाज झाला की लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जमायचं. आजारी, थकलेले, व्हीलचेअरवाले, कोणालाही सूट नाही. हजेरी घेतात. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, त्यात 32 माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. तेव्हापासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा नियम झाला. आणि ते जहाज किती जुनं होतं? अवघं सहा वर्षांचं. टायटॅनिक तर पहिल्याच सफरीत बुडालं. आपली 'रामदास' 17 जुलै 1947 ला रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. सांगायचा मुद्दा, बुडण्याचा संबंध वयाशी कमी आणि सांभाळणाऱ्याशी जास्त असतो.

आता ऐष म्हणजे काय, हे तुम्ही विचाराल. झुंबरं होती, रोज संध्याकाळी वाद्यवृंद होता, तीन रात्री सूट घालून जेवायला जायचं होतं. मी मुलाच्या लग्नातला बंदगळा घातला. शाकाहारी जेवण पुरेसं मिळायचं, दोन दिवसांनी आमचं मेतकूटही टेबलावर आलं. पण खरी ऐष मला सौ.च्या चेहऱ्यावर दिसली. सतरा दिवस 'आज भाजी कुठली करू' हा प्रश्न तिला पडला नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. एवढी सलग सुट्टी तिला पहिल्यांदाच मिळाली, आणि ती तिने बहुतेक डेकवरच्या खुर्चीत पाण्याकडे बघत घालवली. मी विचारलं, "कंटाळा येत नाही?" म्हणाली, "कंटाळा येण्याएवढा वेळ मिळतोय, तोच तर बरा वाटतोय."

सलाला सोडल्यावर पाच दिवस जमीन नाही. एडनच्या आखातात चाचेगिरीचा धोका असल्यामुळे रात्री बाहेरचे दिवे बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले, डेकवर पाण्याचे जाड पाइप सज्ज आणि पहारेकरी. या भागात आपलं नौदल 2008 पासून गस्त घालतं. अंधारात उत्तरेच्या बाजूला एडन होतं. हे एडन 1839 पासून जवळजवळ शंभर वर्षं मुंबई इलाख्यातून चालवलं जाई, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? वासुदेव बळवंत फडक्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती इथल्याच तुरुंगात. ते तिथून एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. आम्ही बिसलरी आणि ब्लँकेट घेऊन बसलो होतो त्याच पाण्यावरून त्यांना बेड्या घालून नेलं होतं. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

लाल समुद्रात दुसऱ्या दिवशी म्हातारपणाने डोकं वर काढलं. दुपारी दिवे लुकलुकले, एसी मंदावला आणि आमच्या मजल्यावरचे संडास बंद पडले. जहाजातले संडास विमानासारखे हवेच्या ओढीने चालतात, त्यामुळे एके ठिकाणी बिघाड झाला की अख्खी रांग थांबते. बाहेर ऊन, आत उकाडा. तासाभरात रिसेप्शनपुढे गर्दी. "पैसे परत द्या", "आम्ही वकिलाकडे जाऊ", "अशी जुनी जहाजं चालवूच कशी देतात?" मंडळी, मला घरी आल्यासारखं वाटलं. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची इंग्रजी आणि जर्मन आवृत्ती चालू होती.

पण पुढे जे झालं ते आपल्या सभेत होत नाही. ग्रीक कप्तान स्वतः थिएटरमध्ये आले. त्यांनी इंजिनियरला शेजारी उभं केलं आणि साध्या शब्दांत सांगितलं: वीज देणाऱ्या यंत्रांपैकी एक थंड ठेवणारा पंप बिघडलाय, सुटा भाग जहाजावर आहे, बदलायला सहा तास लागतील, तोवर वेग कमी ठेवू, अकाब्याला चार तास उशीर होईल, तुमच्या मजल्यावरच्यांनी वरच्या मजल्यावरचे संडास वापरावेत, त्यांची यादी दाराशी लावली आहे. ना कोणाला दोष दिला, ना गुळमुळीत बोलले. सहाच्या जागी सात तास लागले, पण एकही माणूस पुन्हा ओरडला नाही. गैरसोय माणूस सोसतो. काय चाललंय हे कोणी सांगत नसलं की मात्र त्याचा तोल जातो.

या जहाजाचं खरं गुपित मला एका खलाशाने सांगितलं. पहाटे फेऱ्या मारताना आमचं मराठी ऐकून एक तरुण हातातला हातोडा थांबवून म्हणाला, "काका, तुम्ही मुंबईचे का?" तो दाभोळ खाडीकडचा निघाला. आजोबाही जहाजावर, वडीलही जहाजावर. रोज सकाळी तो कठड्याचा गंज ठोकून काढायचा. मी म्हटलं, "अरे, रोजच रंगकाम चालू दिसतं तुमचं. संपत कसं नाही?"

"संपायचं नाय काका ते. मागून सुरू करून पुढं जातो, पुढं पोचलो की मागं गंज आलेला असतो. परत मागं यायचं. ज्या दिवशी आमी थांबलो त्या दिवशी जहाज गेलं समजा."

"मग वरून एक हात रंग मारून मोकळं व्हावं."

"तसं केलं तर बोसन आमाला ठेवंल काय? आधी ठोकून गंज काढायचा, लोखंड उघडं करायचं, मग प्रायमर, मग रंग. गंजावर रंग मारला तर तो आत खात जातो. वरून लग्नाचा मांडव, आत काय नाय."

मी रात्रीच्या करकरण्याबद्दल विचारलं तर हसला. "आवाज येतोय तोवर निवांत झोपा. आवाज बंद झाला तर उठून बसा."

हे नुसतं त्याच्या कष्टावर सोडलेलं नसतं. प्रवासी जहाजाचा सुरक्षेचा दाखला एकाच वर्षाचा असतो. दर वर्षी तपासणी करून तो नव्याने घ्यावा लागतो. पाच वर्षांत किमान दोनदा जहाज कोरड्या गोदीत चढवून तळ बघतात. दर पाच वर्षांनी मोठी तपासणी होते. तीत ध्वनिलहरींच्या यंत्राने पोलादाची जाडी मोजतात, आणि मूळ जाडीतून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झीज झाली असेल तर तो पत्रा कापून नवा बसवावा लागतो. जहाज जितकं जुनं तितकी जास्त ठिकाणं मोजायची. वय लपवायची सोय नाही. बँकेत आम्ही दर वर्षी फर्निचरवर घसारा लावायचो; ते कागदावरचं काम. इथे घसारा मिलिमीटरमध्ये मोजतात.

सुएझ कालव्यात आम्ही पहाटे शिरलो. 193 किलोमीटर लांब, 17 नोव्हेंबर 1869 ला उघडलेला. दोन्ही समुद्रांची पातळी जवळपास सारखी असल्यामुळे पनामासारखे बंद-उघड करण्याचे दरवाजे इथे नाहीत. जहाजं एकामागून एक रांगेत सरकतात. उजव्या हाताला सिनाईची पिवळी वाळू, डाव्या हाताला नाईलच्या पाण्यावरची हिरवी शेतं, आणि मधून आमची सात मजली इमारत चाललेली. काठावरची मुलं हात हलवायची. एके ठिकाणी सत्तर मीटर उंचीवरचा पूल डोक्यावरून गेला. या कालव्याने मुंबई ते लंडन अंतर हजारो किलोमीटरने कमी केलं. आपली मुंबई वाढण्यात गिरण्यांइतकाच या पाण्याच्या पट्टीचा वाटा आहे. आणि दीडशे वर्षांचा हा कालवाही रोज गाळ काढून जिवंत ठेवावा लागतो. 2015 मध्ये त्याला 35 किलोमीटरचा समांतर फाटा जोडला. म्हणजे इथेही तेच, दाभोळच्या पोराने सांगितलेलं.

ज्यांच्या मनात असा प्रवास असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. खोली खालच्या मजल्यावर आणि मधोमध घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात आणि भाडंही कमी. युरोपात उतरणार असाल तर शेंगेन व्हिसा आधीच हवा. विमा उतरवताना बीपी, शुगर, ऑपरेशनं सगळं लिहा. जहाजावरचा डॉक्टर महाग असतो आणि भर समुद्रातून दवाखान्यात हलवायची वेळ आली तर खर्च विचारू नका. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. टिप दरडोई दररोज आपोआप खात्याला लागते, तीही हिशेबात धरा. आणि गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये, जहाजात मार्गिकांना कठडे असतात.

आता जेनोआला उतरल्यानंतरची गोष्ट. दोन वर्षांनी कोविड आला. जगभरची क्रूझ जहाजं बंदरात आणि नांगरावर उभी राहिली. उभं जहाजही खर्च खातं: खलाशी लागतात, वीज लागते, बंदराचं भाडं लागतं, दाखले चालू ठेवावे लागतात. उत्पन्न शून्य. ज्या मालकांकडे शिल्लक होती त्यांची जहाजं टिकली. मुंबईहून 2019 मध्ये सुरू झालेली 'कर्णिका' आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. तीही 1990 चीच बांधणी, आणि ते तिचं सहावं नाव होतं. 2020 च्या अखेरीस ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. 'मार्को पोलो' हे जहाज 1965 चं. पंचावन्न वर्षं झाली तरी लोक हौसेने त्यातून जात. चालवणारी कंपनी बंद पडली आणि 2021 च्या जानेवारीत तेही अलंगला लागलं. आमचं जहाज तुर्कस्तानात तोडलं. ही बातमी मला एका इंग्रज सहप्रवाशाच्या ईमेलने कळली. सौ.ने विचारलं, "त्या सागवानी फळ्यांचं काय केलं असेल?" अलंगच्या रस्त्याला दुकानं आहेत, तिथे जहाजांतली कपाटं, खुर्च्या, कपबश्या विकतात. तुर्कस्तानातही कोणीतरी त्या नेल्या असतील.

ही जहाजं पोलाद झिजलं म्हणून गेली नाहीत. सांभाळायचा पैसा थांबला आणि ती गेली. 'क्वीन एलिझाबेथ टू'च्या मालकांनी अठराव्या वर्षी खर्च केला म्हणून तिला एकवीस वर्षं मिळाली.

मंडळी, आपली इमारत आज पंचवीस वर्षांची झाली. आमच्या जहाजापेक्षा तीन वर्षांनी लहान. स्टिल्टमध्ये बी विंगच्या बाजूला स्लॅबचं प्लास्टर पडलंय आणि सळई दिसतेय. गेल्या खेपेला आपण काय केलं? पुट्टी भरून रंग मारला. दाभोळच्या पोराने पाहिलं असतं तर काय म्हणाला असता, ते सांगायला नको. उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं. आपलं एकदाच झालंय, 2014 ला. पुढचं दोन सभांमध्ये 'सर्वानुमते पुढे ढकलण्यात आले'. त्या ऑडिटमध्येही ध्वनिलहरींनीच काँक्रीट तपासतात. जहाजाला जे बंधनकारक आहे ते आपण ऐच्छिक करून टाकलंय.

आता कबूल केलेला हिशेब. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, दर वर्षी. सिंकिंग फंड म्हणजे बुडण्यासाठीचा निधी नव्हे, तो न बुडण्यासाठी असतो. एका फ्लॅटचा तेव्हाचा बांधकाम खर्च तीन लाख धरा. वर्षाला 2,250 आणि 750, म्हणजे तीन हजार. महिन्याला अडीचशे रुपये. खर्च धरला पंचवीस वर्षांपूर्वीचा आणि दुरुस्ती करायची आजच्या भावात. अडीचशे रुपयांत आज प्लंबर दारात उभा राहत नाही. हे आकडे किमान आहेत. जास्त किती घ्यायचे ते ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, म्हणजे आपलाच आहे.

हल्ली आपल्या गेटावर पुनर्विकासवाल्यांची माणसंही फिरतायत. जास्तीचे चौरस फूट, कॉर्पस, भाडं, सगळं सांगतात. माझा पुनर्विकासाला विरोध नाही. योग्य वेळ आली की करावाच लागेल. पण जहाज तोडायचं की इंजिन बदलायचं, हे पोलाद मोजल्यावर ठरवतात, भंगारवाला काय भाव देतो त्यावर नाही. आपल्यात अकरा घरं अशी आहेत की जिथे फक्त म्हातारा-म्हातारी राहतात, आणि चार घरांत एकच जण. त्यांनी तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची की नाही, हे आपण कागद न बघता ठरवू नये.

तेव्हा येत्या सभेत मी तीन ठराव मांडणार आहे. ऑडिट याच वर्षी व्हावं. दुरुस्ती निधी आजच्या बांधकाम खर्चाशी जोडावा. त्यातच ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी हप्ते असावेत. आणि ऑडिटचा अहवाल, चांगला असो वा वाईट, कप्तानासारखा कमिटीने सर्वांपुढे उभं राहून वाचून दाखवावा. चौथी एक विनंती, ठराव नव्हे: जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावा. त्याला फार पैसे लागत नाहीत, आणि लिफ्ट बंद असते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारा त्याची किंमत.

पंचवीस वर्षं आपण या एकाच जहाजात आहोत. लिफ्ट कुरकुरते, पाइप घुरघुरतात, वरच्या मजल्यावर पोरं नाचतात. आवाज येतोय तोवर ठीक आहे. पण सकाळी ठोकाठोक करणारा कोणीतरी ठेवू या.

 बाहेर मसाला दूध तयार आहे असं खुणेने सांगतायत, तेव्हा थांबतो.